ॲडमिट झाल्याशिवाय बायको आजारी नसते

आयटी कंपनीत नोकरी करणाऱ्या माणसाची बायको आजारी आहे की नाही, हे आपल्या देशात डॉक्टर ठरवत नाही, घड्याळ ठरवतं. चोवीस तास दवाखान्यात भरती राहिली तर ती आजारी. बाविसाव्या तासाला घरी आली तर ठणठणीत. मोतीबिंदू, डायलिसिस, केमोथेरपी अशा काही उपचारांना ‘डे केअर’ म्हणून या नियमातून सूट आहे, हे मला माहीत आहे. पॉलिसीचं छत्तीस पानी पत्रक मी तीनदा वाचलंय. इतकं मी माझ्या कोडचं डॉक्युमेंटेशनही वाचत नाही. पण त्या छत्तीस पानांचा मथितार्थ एवढाच, की पलंग असेल तर पैसे आहेत, पलंग नसेल तर नाहीत.

माझ्या बायकोचा आजार पलंगावरचा नाही. तिला रूमेटॉइड आर्थ्रायटिस आहे, आमच्याकडे सरसकट संधिवात म्हणतात तो. सकाळी उठल्यावर तासभर बोटं मिटत नाहीत. वह्या तपासायला लाल पेन धरवत नाही. ती सेनगावातल्या एका विनाअनुदानित शाळेत शिकवते. मी पुण्यातल्या एका कंपनीत आहे आणि महिन्यातले दोन आठवडे सेनगावातून काम करतो (लाईट आणि नेटवर्क दोन्ही एकाच वेळी असतील तेव्हा). हा आजार गोळ्यांवर राहतो, आणि गोळ्या वेळेवर घेतल्या तर बऱ्यापैकी आटोक्यात राहतो. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, जोडीला फॉलिक ॲसिड, आणि रोजची हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. मेथोट्रेक्सेटचा यकृतावर आणि रक्तपेशींवर परिणाम होऊ शकतो, म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासायचं. दुसऱ्या गोळीचा डोळ्याच्या पडद्यावर होऊ शकतो, म्हणून डोळे तपासायचे. आमचे डॉक्टर छत्रपती संभाजीनगरला बसतात. येलदरी, जिंतूर, मंठा, जालना करत जायचं. एक दिवस त्यातच जातो.

मागच्या वर्षीचा हिशेब माझ्याकडे शीटमध्ये आहे. गोळ्या १३,२००. रक्ताच्या तपासण्या ११,२००. डॉक्टरांची चार वेळची फी ३,२००. जाण्यायेण्याचे ८,८००. डोळ्यांची तपासणी २,५००. एकूण ३८,९०० रुपये. याच वर्षी माझ्या सीटीसीत ग्रुप मेडिक्लेमच्या नावाने २४,००० रुपये दाखवलेले आहेत. बायकोचं नाव त्या पॉलिसीत आहे, पाच लाखांचं संरक्षण आहे, तिचं ई-कार्ड मोबाईलमध्ये आहे आणि त्यावर फोटोही चांगला आलाय. त्या ३८,९०० पैकी पॉलिसीने दिले शून्य.

आईला हे समजावून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “मंजी दवाखान्यात निजल्याबिगर पैसे देईनात का ते?” छत्तीस पानांचा इतका नेमका सारांश आमच्या एचआरलाही जमला नव्हता.

विम्याच्या नावाने बोटं मोडायला मी बसलेलो नाही. दोन वर्षांपूर्वी बापूंची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा याच पॉलिसीने नांदेडच्या दवाखान्याचं बिल भरलं. वीस टक्के को-पे आमच्या खिशातून गेला, बाकीचं कॅशलेस झालं. ती पॉलिसी नसती तर दोन एकर गेले असते. आग लागल्यावर बंब लागतोच. माझी तक्रार वेगळी आहे. घरात रोज चूलही पेटते आणि तिला सरपण लागतं. सरपणाचे पैसे मागायला गेलं की उत्तर येतं, तुमच्याकडे बंब आहे ना?

यावर विमा समजणारे मित्र एक शहाणपणाचं उत्तर देतात. विमा हा अनिश्चित खर्चासाठी असतो, दर महिन्याचा ठरलेला खर्च हा विम्याचा विषयच नाही. ज्याची खात्रीच आहे त्याचा विमा काढणं म्हणजे स्वतःचेच पैसे मधल्या माणसाच्या हातून, त्याची दलाली कापून, परत घेणं. हे म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. मी म्हणतो तेही नेमकं हेच आहे. ठरलेल्या खर्चासाठी विमा नको, खातं पाहिजे. माझ्याच पगारातली काही रक्कम बाजूला काढलेली, कर न लागलेली, आणि माझ्या किंवा बायकोच्या औषधपाण्यावरच खर्च करता येईल अशी. बिल दाखवा, पैसे घ्या.

ही कल्पना मी काही अमेरिकेतून चोरून आणलेली नाही. तशी ती तिथे आहे, त्याकडे येतो. पण आपल्याकडेही ती होती, आणि ती आपण आपल्या हाताने पुरली.

१९६१ च्या आयकर कायद्यात कलम १७(२) खाली एक तरतूद होती. मालकाने नोकराला त्याच्या किंवा त्याच्या कुटुंबाच्या वैद्यकीय खर्चाची भरपाई दिली, तर वर्षाला १५,००० रुपयांपर्यंत ती पगारात धरायची नाही. भरती व्हायची अट नव्हती. डॉक्टरची फी चालायची, गोळ्या चालायच्या, चष्मा चालायचा. त्यातली कुटुंबाची व्याख्या तर आजच्या कुठल्याही कॉर्पोरेट पॉलिसीपेक्षा सुसंस्कृत होती. आईवडील आणि भावंडं तुमच्यावर अवलंबून असली पाहिजेत, अशी अट होती. जोडीदार आणि मुलांना ती अटच नव्हती. बायको कमावती असो नसो, ती बायको आहे एवढं पुरे होतं.

१ फेब्रुवारी २०१८ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी ही सवलत आणि १९,२०० रुपयांचा प्रवासभत्ता, दोन्ही काढून त्याऐवजी ४०,००० रुपयांचं स्टँडर्ड डिडक्शन दिलं. १५,००० आणि १९,२०० म्हणजे ३४,२००. वरचा निव्वळ फायदा ५,८०० रुपये. त्यावेळी बातम्यांमध्ये चर्चा झाली ती या ५,८०० वर किती कर वाचेल याची. कागदपत्रं कमी होतील म्हणून सगळे खूश. पुढे ते डिडक्शन ५०,००० झालं, नव्या करपद्धतीत ७५,००० झालं. त्यामुळे आकड्यांत कुणाचं नुकसान झालं, असं म्हणायला जागा नाही.

मग मी कशावर भांडतोय? पैसे तेवढेच, उलट जास्त. तुझ्या बायकोच्या गोळ्या त्यातून आण, असं कुणीही म्हणेल.

असं म्हणणाऱ्याने एक पावसाळा आमच्या घरात काढावा. पगार खात्यात येतो तेव्हा त्यातला कुठला रुपया कशासाठी आला, हे त्यावर लिहिलेलं नसतं. जूनमध्ये सोयाबीनचं बियाणं, मग खत, मग फवारणी, ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली तर इंजिनचं डिझेल, हळदीला मजूर, धाकट्या बहिणीची परभणीच्या कॉलेजातली फी. या सगळ्या गरजा आवाज करतात. फवारणीला चार दिवस उशीर झाला तर अळी दिसते. यकृताच्या तपासणीला चार आठवडे उशीर झाला तर काहीच दिसत नाही. आणि ज्या घरात कुणाला तरी थांबायचं असतं, तिथे सून आपणहून थांबते. “या वेळची रक्ततपासणी राहू द्या, पुढच्या महिन्यात करू.” हे वाक्य तिला कुणी शिकवलेलं नाही. ते तिच्या आईकडून आलंय, माझ्या आईनेही ते कित्येकदा म्हटलेलं आहे. माझ्या पगाराला ३८,९०० रुपये झेपत नाहीत असं अजिबात नाही. पण घरखर्चातला सगळ्यात आधी कापता येण्यासारखा खर्च म्हणजे बाईचं औषध, हे आमच्याकडे न बोलता ठरलेलं असतं.

त्या जुन्या १५,००० रुपयांवर मात्र नाव लिहिलेलं होतं. ते बियाण्याला जाऊच शकत नव्हते. औषधाचं बिल लावलं नाही तर कर भरावा लागायचा, म्हणून औषध आणणं हा व्यवहार व्हायचा, उपकार राहायचा नाही. स्टँडर्ड डिडक्शनने निरोगी, बिनलग्नाच्या, हिंजवडीत रूम घेऊन राहणाऱ्या माझ्या सहकाऱ्याला आणि मला एका रांगेत उभं केलं. त्याला न मागता मिळालं, त्याचा मला आनंदच आहे. पण आजारी माणसाच्या नावावरचा पैसा बिनानावाचा करून सगळ्यांत वाटला, याला सुटसुटीतपणा म्हणायचं?

आणि कर काढायचाच होता तर सगळीकडून काढायचा. तसंही झालेलं नाही. कंपनी माझ्या आरोग्यासाठी विमा कंपनीला जो हप्ता भरते, तो माझ्या पगारात धरला जात नाही, त्यावर मला कर नाही. जुन्या पद्धतीत नाही आणि ‘कुठलीच सवलत नको’ म्हणणाऱ्या नव्या पद्धतीतही नाही. तोच रुपया कंपनीने मला बायकोच्या गोळ्यांसाठी दिला की तो पगार झाला, टीडीएस कापा. म्हणजे आरोग्यावरचा पैसा करमुक्त असावा हे सरकारला मान्य आहे, फक्त तो विमा कंपनीच्या काउंटरवरून गेला पाहिजे. त्यातही गंमत अशी, की २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, पण कंपनीच्या ग्रुप पॉलिसीवर तो १८ टक्के तसाच राहिला.

जुन्या करपद्धतीतला फ्लेक्सी बेनिफिटचा तक्ता कधी नीट पाहिलाय? फोनचं आणि इंटरनेटचं बिल लावा. जेवणाची कूपनं घ्या. ऑफिसच्या कामाला गाडी वापरत असाल तर पेट्रोल लावा, ड्रायव्हरचा पगारसुद्धा लावा. ड्रायव्हरचा पगार चालतो आणि बायकोची मेथोट्रेक्सेट चालत नाही! कलम ८०डी खाली जोडीदाराच्या ‘प्रतिबंधात्मक तपासणी’ला ५,००० रुपयांपर्यंत वजावट होती. म्हणजे आजार होऊ नये म्हणून रक्त काढलं तर सूट, झालेला आजार वाढू नये म्हणून काढलं तर नाही. प्रत्यक्ष औषधोपचाराच्या खर्चाची वजावटही त्याच कलमात होती, पण रुग्ण साठीच्या पुढचा हवा आणि त्याच्या नावावर आरोग्य विमा नको. बायको अजून तीस वर्षांची व्हायची आहे. आणखी तीस वर्षं थांबायचं, तोवर विमा बंद करायचा, मग बिलं लावायची, अशी ही योजना. ८०डीडीबीत गंभीर आजारांची यादी होती, तीत कॅन्सर होता, किडनी निकामी होणं होतं. संधिवात नव्हता. संधिवाताने माणूस लवकर मरत नाही, ही त्याची मुख्य अडचण.

खोट्या बिलांचा मुद्दा येणारच, तो टाळत नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा ही सवलत गेलेली होती, पण सीनियर लोक रंगवून सांगतात. मार्च आला की औषधाच्या दुकानातली कोरी बिलं ऑफिसात फिरायची, धडधाकट माणसं पंधरा हजारांचे अँटासिड खायची. हे खरं असणार. पण आईवडिलांच्या नावाच्या घरभाड्याच्या खोट्या पावत्या काय कमी फिरतात? त्यासाठी घरभाडेभत्त्याची सवलत रद्द करावी, असं कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. घरभाड्याच्या चोरीवर उपाय म्हणून मालकाचा पॅन नंबर मागितला जातो. औषधाच्या चोरीवर उपाय म्हणून औषधच रद्द. आज बिल छापील असतं, पैसे यूपीआयने जातात, चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक असतो. या तीन गोष्टी जुळवून बघणारा प्रोग्राम लिहायला मला दोन दिवस लागतील, आणि मी काही फार हुशार इंजिनीअर नाही.

उलट आजची व्यवस्थाच लोकांना खोटं बोलायला लावते. “एक दिवस ॲडमिट व्हा ना, क्लेम करून टाकू” हे वाक्य ज्याने दवाखान्यात ऐकलेलं नाही असा विमाधारक मला दाखवा. ज्या तपासण्या बाकड्यावर बसून होतात त्यांच्यासाठी बाईला पलंगावर झोपवायचं, सलाईन लावायचं. मग विमा कंपनी म्हणणार, ही भरती निव्वळ तपासणीसाठी होती, आणि तेही खरंच, कारण ‘केवळ तपासणीसाठीची भरती’ हा प्रमाणित अपवादांपैकी एक आहे. दवाखान्याला खाटेचे पैसे हवेत, रुग्णाला बिल हवं, कंपनीला नकार हवा. तिघांच्याही वेळेत ती बाई शाळेची रजा टाकून पडलेली.

अमेरिकेकडे येतो. आमचा क्लायंट तिकडचा आहे, त्यामुळे डिसेंबरात कॉलवर एक विनोद दरवर्षी ऐकू येतो. कुणी दुसरा चष्मा घेतं, कुणी नवऱ्याच्या दातांची कामं उरकून टाकतं, कारण ‘एफएसए संपवायचं आहे’. एफएसए म्हणजे फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट. वर्षाच्या सुरुवातीला पगारातून किती बाजूला काढायचं ते ठरवायचं, २०२५ साठी मर्यादा ३,३०० डॉलर होती. त्या रकमेवर कर नाही, आणि ठरवलेली सगळी रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते. डॉक्टर, औषधं, चष्मा, फिजिओथेरपी, २०२० पासून पाळीचे पॅडसुद्धा. मला खरं थांबवलं ते जोडीदाराच्या नियमाने. बायको तुमच्या कंपनीच्या विम्यात असायची गरज नाही, तिचा स्वतःचा वेगळा विमा असला तरी तिच्या खर्चाला तुमच्या खात्यातले पैसे चालतात. ती कुणाच्या कागदावर आहे हे कुणी विचारत नाही. बाकी तिथल्या आरोग्यव्यवस्थेचे गोडवे गायचं मला कारण नाही. आमच्या टीममधला एक जण रुग्णवाहिकेच्या बिलाला घाबरून मोडलेल्या हाताने टॅक्सीत बसला होता. एफएसएतही खोट आहे. वर्षाअखेर न वापरलेले पैसे, थोडे पुढे नेता आले तर आले, बाकी बुडतात. ती खोट इथे आणायची गरज नाही. उरलेली रक्कम मार्चमध्ये पगारात धरा, कर कापा आणि द्या.

आपल्याकडे मात्र बायको ‘डिपेंडंट’ या रकान्यातून आत येते. अवलंबित! महिन्याला सात हजारांवर साठ पोरांचा वर्ग सांभाळणारी, मी पुण्यात असताना माझ्या आईबापांचं बघणारी बाई माझ्यावर अवलंबून आहे की मी तिच्यावर, हे त्या फॉर्मने ठरवावं? शिवाय तिला आत घ्यायलाही मुदत असते. लग्नानंतर महिन्याभरात पोर्टलवर नाव टाकलं नाही तर पुढच्या रिन्यूअलपर्यंत ती कंपनीच्या दृष्टीने माझी कुणी नाही. माझ्या टीममधल्या वसमतकडच्या मुलीचा नवरा हळदीची शेती करतो. तिच्यासमोर पोर्टलने दोन गोल ठेवले, आईवडील किंवा सासूसासरे. एकावरच टिचकी मारता येते. सरकारने निदान इथे एक पाऊल टाकलंय. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली, तीत महिला कर्मचाऱ्याच्या कुटुंबात तिच्या अवलंबित सासूसासऱ्यांचा समावेश आहे. पुरुष कर्मचाऱ्याच्या कुटुंबात त्याचे सासूसासरे नाहीत. सुनेने सांभाळायचं, जावयाने नाही, हे आता राजपत्रातही आलं.

ईएसआय घ्या. कारखान्यातला ज्या कामगाराचा पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे, त्याच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. त्या बदल्यात त्याच्या बायकोला नुसती ओपीडीसुद्धा मिळायचा हक्क आहे, तपासण्या आणि गोळ्यांसकट. दवाखाना जवळ आहे का, औषध शिल्लक आहे का, हे प्रश्न खरेच आहेत. पण १९४८ साली कायदा लिहिणाऱ्यांना कळलं होतं, की कामगाराची बायको भरती न होताही आजारी पडते. आमच्या कंपनीच्या बेनिफिट टीमला ते अजून कळायचं आहे.

त्यांनी काहीच केलं नाही असंही नाही. मागच्या वर्षी ‘ओपीडी वॉलेट’ म्हणून एक ॲप आलं. त्यात सेनगावचा पिनकोड टाकला. आपल्या भागात लवकरच येत आहोत, असा हसऱ्या चेहऱ्याचा संदेश आला. हिंगोलीचा टाकला, तोच चेहरा. औषध ॲपवरूनच मागवायचं, तपासणी ॲपच्याच लॅबमध्ये करायची, बाहेरचं बिल चालणार नाही. आमच्या चौकातल्या मेडिकलवाल्याकडे मेथोट्रेक्सेट मिळतं, तो दर बुधवारी न सांगता पुडी बांधून ठेवतो आणि छापील बिल देतो. पण तो ‘नेटवर्क’मध्ये नाही. त्या वॉलेटमध्ये माझ्या नावाने पाच हजार रुपये पडून होते, ३१ मार्चला ते गेले.

आमची पॉलिसी एप्रिलमध्ये रिन्यू होते. त्याआधी फेब्रुवारीत एचआरचा सर्व्हे येतो. झुंबा हवा का, मेडिटेशनचं सबस्क्रिप्शन हवं का, असे पर्याय असतात आणि शेवटी ‘इतर’ म्हणून एक छोटा रकाना. यंदाचा मजकूर मी लिहून ठेवलाय आणि ग्रुपवर टाकलाय, आतापर्यंत अकरा जणांनी तो उचललाय. ‘वर्षाला ३०,००० रुपये, आमच्याच सीटीसीतून, कर लागला तरी चालेल, वेगळ्या खात्यात ठेवा. स्वतःच्या आणि जोडीदाराच्या औषधांना, तपासण्यांना, डॉक्टरच्या फीला. जोडीदार पॉलिसीत असो नसो, कमावता असो नसो. कुठल्याही गावातल्या नोंदणीकृत डॉक्टरची चिठ्ठी आणि कुठल्याही मेडिकलचं बिल. उरले तर मार्चच्या पगारात द्या.’ अकरापैकी सात जणांची लग्नं अजून व्हायची आहेत. एकाने विचारलं, जोडीदाराऐवजी आई चालेल का? त्याच्या आईला बीपी आणि शुगर दोन्ही आहे, ती रिसोडला असते. मी मजकुरात आई घातली. आता रकान्यात बसत नाही, म्हणून सर्व्हेऐवजी थेट मेल करणार आहोत.